कोरल अर्धं गेलं, अर्धं जिवंत आहे: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उन्हं तापायला लागली की घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या कोरलचे (प्रवाळांचे) फोटो आमच्याकडे यायला लागतात. टॉर्च कोरलची दोन डोकी गळाली, मॉन्टिपोराची एक कड पांढरी पडली, ॲक्रोपोरा बुडापासून सोलत वर आलं (या सगळ्या कोरलच्याच जाती). सोबत प्रश्न ठरलेला असतो: काढून टाकू का? आमचं उत्तर बहुतेक वेळा "थांबा" हेच असतं. कोरल म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पॉलिप नावाच्या बारीक जिवांची वसाहत. तिची एक बाजू गेली म्हणून दुसरी जातेच असं नाही, आणि नखाएवढा जिवंत तुकडा उरला तरी त्यातून वसाहत पुन्हा वाढू शकते. म्हणून हे पत्रक.

पांढरं पडलेलं सगळं मेलेलं नसतं

कोरलच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडातून अन्न तेच तयार करतं आणि कोरलचा तपकिरी-हिरवा रंगही बराचसा त्याचाच असतो. उष्णता किंवा तीव्र उजेड सोसला नाही की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं. मग पारदर्शक मांसातून खालचा चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. अशा वेळी कोरल उपाशी असतं, पण जिवंत असतं. रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर हलक्या उजेडात बघा. पॉलिप बाहेर येत असतील, पृष्ठभागावर ओलसर पातळ साय दिसत असेल, तर जीव आहे. उघडा सांगाडा कोरडा, खडबडीत दिसतो आणि काही दिवसांतच त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जिवंत आणि मेलेल्या भागामधली रेषा. रोज त्याच जागेवरून, पांढऱ्या दिव्यात, फोटो काढा. निळ्या दिव्यातले फोटो कामाचे नाहीत. रेषा आठवडाभर जागची हलली नसेल तर कोरलला हात लावू नका, फक्त पाणी सांभाळा. रोज थोडी सरकत असेल तर कारण शोधायला वेळ आहे. एका रात्रीत मांस सोलून पाण्यात तरंगायला लागलं, तर त्याच दिवशी कापावं लागेल.

कारण बहुतेक पाण्यात असतं, आणि नागपुरात ते उन्हाळ्यात असतं

कोरलला २४ ते २७ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे टँकवर लावलेला साधा पंखासुद्धा बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरवू शकतो. पण त्याच खोलीत खिडक्या लावून कूलर चालवला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग घटतो. कूलर असेल तर खिडकी उघडी हवी. नाहीतर चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, निभणार नाही.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. उन्हाळ्यात खारटपणा झपाट्याने चढतो तो यामुळेच. उडालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं पाणीच घाला, तेही रोज थोडं थोडं. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असावं. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आधी कॅलिब्रेट करून मगच आकड्यावर विश्वास ठेवा.

आता स्वयंपाकघरातल्या आरओबद्दल, कारण सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, ते थेट टँकमध्ये चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण घरातल्या प्यायच्या आरओमध्ये बहुधा चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे ते पाणीही कोरलला चालत नाही. टँकसाठी डीआय कार्ट्रिज (उरलेसुरले क्षार काढणारं) असलेलं वेगळं आरओ युनिट हवं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कढत असतं, आणि गरम पाण्यात आरओच्या मेंब्रेनमधून (गाळणाऱ्या पडद्यातून) क्षार जास्त निसटतात. मे महिन्यात पाणी पहाटे भरून घ्या.

बाकीचे आकडे: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणू नका, कोरलला त्यांचीही थोडी गरज असते. आकडा थोडा कमी-जास्त असण्यापेक्षा तो एका दिवसात उडी मारणं जास्त घातक आहे, असं आमचं ठाम मत आहे. अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. पाणी तापलं म्हणून टँकमध्ये बर्फ ओतू नका. वेळच आली तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) तरंगत ठेवा आणि तापमान हळूहळू उतरू द्या.

वीज गेली तर दिव्यांची काळजी सोडा. उजेडाशिवाय दोन-तीन दिवस कोरल सहज काढतं. पाण्याची हालचाल थांबली की मात्र ऑक्सिजन काही तासांत घटतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असायलाच हवा.

पाणी ठीक असेल आणि नुकसान एकाच बाजूला असेल, तर शेजारची कोरल बघा. गॅलेक्सिया आणि टॉर्च रात्री लांब डंखाचे तंतू सोडतात. वीतभर अंतरसुद्धा कधी कधी पुरत नाही. मॉन्टिपोरावर पांढरे ओरखडे दिसले, तर कोरल उलटं करून खालच्या बाजूला बारीक पांढऱ्या गोगलगाई आणि त्यांची अंडी शोधा. डिपने, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून, अंडी मरत नाहीत, ती खरवडूनच काढावी लागतात.

कापायचं ठरलं तर

हातमोजे आणि चष्मा घाला. झोॲन्थिड आणि पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. त्यांना घासू नका, आणि त्यांचा दगड गरम पाण्यात उकळायचा तर विचारही करू नका. वाफेतून विष श्वासात गेल्याने घरातली माणसं इस्पितळात पोचल्याच्या घटना जगात घडल्या आहेत.

फांद्यांच्या कोरलमध्ये सरकत्या रेषेपासून बोटभर पुढे, निरोगी भागात, बोन कटरने कापा. तुकड्यावर पांढरा भाग राहू देऊ नका. फांद्यांच्या टॉर्च आणि हॅमर कोरलमध्ये प्रत्येक डोकं वेगळ्या देठावर असतं, म्हणून मेलेल्या डोक्याचा देठ बारीक कटरने खालून वेगळा करता येतो. टॉर्चवर तपकिरी चिकट बुळबुळीत थर दिसला तर आधी सगळे पंप बंद करा, तो थर नळीने ओढून बाहेर टाका आणि मगच कोरल उचला. पंप चालू राहिले तर तो थर शेजारच्या डोक्यांवर जाऊन बसतो.

डिप वेगळ्या भांड्यात, टँकच्याच पाण्यात, बाटलीवरच्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. नंतर दुसऱ्या भांड्यात कोरल धुवा. डिपचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. मुख्य टँकमध्ये अँटिबायोटिक ओतू नका, पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही त्यात मरतात. कापलेला तुकडा सायनोॲक्रिलेट जेलने (सुपरग्लूने) प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवा, मध्यम प्रवाहात आणि आधीपेक्षा कमी उजेडात ठेवा. दोन-तीन तुकडे झाले तर एक ओळखीच्या दुसऱ्या टँकमध्ये ठेवायला द्या. तोंड मिटून बसलेल्या कोरलला खाऊ घालू नका, ते अन्न तिथेच सडतं.

उरलेला सांगाडा लगेच फेकू नका. मॉन्टिपोरा आपल्याच मेलेल्या भागावरून पुन्हा पसरतं. प्लेट कोरलच्या पूर्ण मेल्यासारख्या दिसणाऱ्या सांगाड्यावर काही महिन्यांनी बारीक पिल्लं फुटतात. मऊ ब्रशने शेवाळ काढत राहा आणि तो सांगाडा टँकच्या शांत कोपऱ्यात राहू द्या.

आमच्याकडे येताना

टेस्टसाठी टँकचं पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून आणा. मागच्या आठवड्यात काय बदललं तेही लिहून आणा: नवीन दिवा, नवीन मीठ, नवीन मासा, काहीही. कोरल आणायचंच असेल तर टँकच्या पाण्यात बुडवून, थर्माकोलच्या डब्यात, सकाळी लवकर आणा. दुपारी आणू नका. भारतीय समुद्रातल्या दगडी कोरलना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. किनाऱ्यावरून किंवा समुद्रातून उचललेल्या कोरलवर आम्ही काम करत नाही. बाकी टँकची तपासणी करायची असेल तर दुकानात सांगून ठेवा. नवतपाच्या आठवड्यात आम्ही आजारी टँक आधी बघतो, नेहमीची साफसफाई नंतर.