महासाथीतील आरोग्यसेवकांची मानसिक लवचीकता

महासाथीत रुग्णांच्या थेट संपर्कात राहून काम करणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकाचालक आणि सफाई कर्मचारी यांची प्रदीर्घ ताण सोसून पुन्हा सावरण्याची क्षमता. रडू येणे, झोप उडणे, चिडचिड होणे म्हणजे ही क्षमता नसणे नव्हे. लवचीक माणसालाही त्रास होतोच. मात्र तो त्यातच अडकून पडत नाही.

भूकंप किंवा अपघात घडून जातो, मग मदतकार्य सुरू होते. महासाथीत संकट महिनोन्महिने चालूच राहते आणि उपचार करणाऱ्यालाही गाठू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविड-१९ मुळे जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवकांचा मृत्यू झाला असावा. संसर्ग घरी नेण्याची धास्ती वेगळीच. पीपीई किट चढवले की ते उतरवेपर्यंत पाणी पिणे किंवा स्वच्छतागृहात जाणे मुश्कील होते. नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नसल्याने मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णाच्या कानाशी घरच्यांचा फोन अनेकदा परिचारिकेलाच धरावा लागला. खाटा आणि व्हेंटिलेटर अपुरे पडले, की आधी कोणाला वाचवायचे हा निर्णय मन पोखरतो. अशा वेदनेला ‘नैतिक आघात’ म्हणतात. ही संकल्पना व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून पुढे आली.

चीनमधील ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्यसेवकांच्या २०२० मधील पाहणीत सुमारे निम्म्यांत नैराश्याची, तर सत्तर टक्क्यांहून अधिक जणांत मानसिक क्लेशाची लक्षणे आढळली. ही प्रश्नावलीतून टिपलेली लक्षणे होती, निदान नव्हे. लवचीकता मोजण्यासाठी कॉनर-डेव्हिडसन मापनश्रेणी (२००३, २५ विधाने) बरीच वापरली जाते.

लवचीकता हा केवळ स्वभावाचा गुण मानला, की खचलेल्या माणसालाच दोष दिला जातो, आणि हे अन्यायाचे आहे. चीनमधील चांग्शा येथील एका मोठ्या रुग्णालयाने कोविडच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय केली, तेव्हा अनेकांनी ती घेण्याचे टाळले. आम्हाला समुपदेशक नको, अखंड विश्रांती आणि पुरेसे संरक्षक साहित्य हवे, असे काहींनी सांगितले. घाबरलेल्या रुग्णांशी कसे वागावे याचे प्रशिक्षणही त्यांना हवे होते. मग रुग्णालयाने कुटुंबापासून वेगळे राहून विसावण्यासाठी जागा दिली, जेवणाची हमी दिली आणि रोजच्या कामाचे चित्रण घरच्यांना पाठवायला मदत केली.

आघातानंतर एकाच बैठकीत सगळे बोलून घ्यायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिने पुढचा मानसिक विकार टळतो असे दिसले नाही, त्यामुळे सरसकट सर्वांसाठी ती आता सुचवली जात नाही. सहकाऱ्यांचा आधार, ठरलेली सुट्टी आणि वरिष्ठांनी खरी माहिती वेळेवर देणे यांवर आज अधिक भर असतो. मात्र महासाथीत नेमका कोणता उपाय सर्वांत परिणामकारक ठरतो, याचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे.

साथ ओसरली तरी ताण ओसरत नाही. २००३ च्या सार्स (श्वसनाचा तीव्र संसर्गजन्य आजार) साथीनंतर एक ते दोन वर्षांनी कॅनडातील टोरंटोच्या रुग्णालयांत अभ्यास झाला, तेव्हा सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांत मानसिक थकवा आणि क्लेश इतर रुग्णालयांतील सहकाऱ्यांपेक्षा अधिक होता. प्रशिक्षण, नैतिक पाठबळ आणि संरक्षण पुरेसे मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात तो कमी आढळला.