पांढरे आकाश आणि काळी झाडे

ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती सकाळी फेरी मारणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची जुनी छायाचित्रे आली. व्हिक्टर प्रेव्हो या फ्रेंच छायाचित्रकाराने ती १८६२ मध्ये, म्हणजे भायखळ्याची राणीची बाग खुली झाली त्याच वर्षी, टिपलेली आहेत. सोबत मजकूर होता : ‘तेव्हाची हवा पाहा, आकाश किती निर्मळ!’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. त्या काळच्या छायाचित्रांतले कोरे पांढरे आकाश हवेची शुद्धता सांगत नाही. ते चांदीच्या क्षारांचा स्वभाव सांगते.

निगेटिव्ह काचेवरची असो वा कागदावरची, प्रकाश पकडण्याचे काम सिल्व्हर आयोडाइड किंवा सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षारांच्या स्फटिकांकडे असे. स्फटिकातील इलेक्ट्रॉन आपल्या जागी बांधलेला असतो आणि त्याला मोकळे करण्यासाठी प्रकाशाच्या एकाच कणाने पुरेशी ऊर्जा एकदम द्यावी लागते. सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये हा उंबरठा सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे ऊर्जेचे अतिसूक्ष्म माप) आहे. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाच्या कणात सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, त्यामुळे तो उंबरठा ओलांडतो. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या कणात ती सुमारे २.२५, तर ६५० नॅनोमीटरच्या लाल कणात अवघी १.९ भरते. असे कमी ऊर्जेचे कण कितीही संख्येने आले तरी काम होत नाही, कारण दोन कणांची ऊर्जा एकत्र करण्याची सोय स्फटिकात जवळपास नसतेच. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, मिळाला की धातुरूप चांदीचा एक अणू तयार होतो. अशा मोजक्या अणूंचा पुंजका जमला की विकासक द्रावणात त्याच्याभोवती चांदी साचत जाते आणि निगेटिव्ह तिथे काळी पडते.

आता हेच बागेला लावून पाहावे. निळ्या आकाशाचा प्रकाश निगेटिव्हवर इतका जोरात उमटतो की तो भाग गडद काळा होतो आणि छापावर कोरा पांढरा दिसतो. पांढऱ्या ढगांतूनही भरपूर निळा प्रकाश येत असल्याने तेही त्याच पांढऱ्यात विरून जातात. झाडांची गत याच्या उलट असते : पानांतले हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, आणि पान जो हिरवा प्रकाश परत पाठवते तो या क्षारांना जाणवतच नाही. म्हणून भर उन्हात उभे असलेले झाडही छापावर काळपट दिसते, तर आकाशाचे प्रतिबिंब पडलेले तळे चुन्याने सारवल्यासारखे दिसते.

बाग निर्जन दिसण्याचे कारण वेगळे आहे. काचेवरच्या ओल्या कोलोडियनला, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या चिकट थराला, उजेडात सहसा काही सेकंद लागत आणि कागदी निगेटिव्हला अनेकदा मिनिटे, त्यामुळे चालणारी माणसे उमटतच नसत. थोडा वेळ थांबून पुढे गेलेला माणूस अर्धवट, पारदर्शक उमटे. अशा आकृतीला भूत म्हणून पुढे पाठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. संगणकाने रंगवलेल्या आवृत्त्यांवरही मी विश्वास ठेवत नाही, कारण लाल शालू आणि गडद हिरवे पान मूळ निगेटिव्हवर जवळपास सारखेच उमटले असतील, तर त्यांतला फरक परत कुठून आणणार?

१८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी क्षारांत रंगद्रव्य मिसळले की हिरवा प्रकाशही टिपता येतो हे दाखवले, आणि तिथून झाडे हळूहळू उजळू लागली.

याचा पडताळा मोबाइलवर घेता येतो. स्वच्छ उन्हात तलावपाळीचे छायाचित्र काढावे, फेरफार करण्याच्या ॲपमध्ये त्यातला फक्त निळा घटक ठेवावा आणि तो करड्या छटांत पाहावा. आकाश पांढरे होते, झाडे काळवंडतात आणि कोपिनेश्वर मंदिराच्या वाटेवरच्या फुलवालीच्या टोपलीतला केशरी झेंडू कोळशासारखा दिसतो.