खारा वारा, ऊन आणि सिगारेटचा धूर : चुरचुरणाऱ्या डोळ्यांची पार्श्वभूमी

हर्णै, मिरकरवाडा, मालवण. कुठल्याही बंदरावर पन्नाशीच्या खलाशाला डोळे लाल का, म्हणून विचारा. खारा वारा, डोक्यावर ऊन आणि पाण्यावरची तिरीप, हे उत्तर ठरलेलं. ते खरंही आहे. पण वर्षानुवर्षं खिशात असलेल्या सिगारेटच्या पाकिटाचं नाव त्यात सहसा येत नाही, आणि माझ्या मते हा दोष एकट्या खलाशाचा नाही. वैद्यकशास्त्राचं लक्षही तिथे उशिराच गेलं.

तंबाखू या किनाऱ्याला जुनी. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली तेव्हा चौल-रेवदंडा त्यांच्या हाती होतं, तर दाभोळ आदिलशाहीचं बंदर होतं. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन त्याच्या दरबारी गेला, म्हणजे दख्खनेत ती तोवर रुळलेली होती. पुढे गावात चिलीम आणि विडी चालली. सिगारेटला मुंबईच्या पगाराचा मान होता आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यासोबत ती गावच्या ओटीवर पोचली.

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये मांडलं. धूम्रपानावरचा अमेरिकी सरकारचा गाजलेला अहवाल १९६४ चा, आणि आपल्याकडे पाकिटावर इशारा छापायचा कायदा १९७५ चा. या सगळ्या चर्चेचा भर फुप्फुसांवर आणि हृदयावर होता. धुराने डोळे चुरचुरतात हे चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा त्याला कोणी आजार मानलं नाही.

लक्ष उशिरा जाण्याचं दुसरं कारण मोजमापाचं. १९०३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर यांनी अश्रू मोजायची साधी युक्ती काढली. टिपकागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचं. १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी कोरड्या डोळ्यांवर प्रबंध लिहिला. कोरडेपणा म्हणजे पाणी कमी, ही समजूत बराच काळ टिकली.

अश्रूंचा थर मात्र नुसत्या पाण्याचा नसतो. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत द्रव, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. जर्मन वैद्य हाइन्रिख मायबोम यांनी त्यांचं वर्णन १६६६ मध्येच केलं होतं. तेल बिघडलं की पाणी झपाट्याने उडून जातं, डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपतं, आणि त्या खुपण्यामुळेच उलट डोळ्यांना धार लागते. अशा माणसाला डोळे कोरडे आहेत म्हणून सांगितलं, तर त्याला ते पटत नाही.

आता डॉक्टर डोळ्यात पिवळट रंग टाकतात, निळ्या प्रकाशात पाहतात आणि पापणी न लववता काळे ठिपके किती वेळात दिसतात ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत दिसले, तर थर कच्चा. नियमित सिगारेट ओढणाऱ्यांत तो लवकर फाटतो, बुळबुळीत द्रव तयार करणाऱ्या पेशी घटतात आणि बुबुळाची संवेदनाही मंदावते, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं. ही मंदावलेली संवेदना मला सर्वांत चिंतेची वाटते, कारण मग नुकसान होत असूनही तक्रार कमी होते.

तरी चित्र सरळ नाही. अमेरिकेतल्या बीव्हर डॅम या शहरातल्या पाहणीत १४.४ टक्के लोकांना कोरड्या डोळ्यांचा त्रास होता आणि धूम्रपानाशी त्याचा संबंध दिसला. हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. कोरड्या डोळ्यांवरच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने मात्र हा पुरावा अनिर्णित ठरवला. डोळ्यात मांस वाढण्याबाबतही तसंच. तिथे उन्हाचा वाटा पक्का आहे, सिगारेटच्या बाबतीत निष्कर्ष जुळत नाहीत. म्हणून खलाशाच्या डोळ्यांचा सगळा दोष सिगारेटवर टाकणं चूक ठरेल. वारा आणि ऊन अश्रूंचा थर आधीच ताणतात आणि धूर त्याच थरावर येऊन बसतो, एवढं म्हणता येतं.

किनाऱ्यावर यात आणखी एक गोष्ट बदलली. शिडाच्या होडीत धूर वाऱ्यावर निघून जाई. ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, काचेच्या केबिनमध्ये बसतो, पावसात आणि रात्रीच्या गारव्यात खिडक्या लावलेल्या असतात. एकाने पेटवली तरी धूर शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांत जातो. दुसऱ्याच्या धुराने डोळे चुरचुरतात, याची नोंद अमेरिकी सरकारच्या १९८६ च्या अहवालातच झाली होती. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, पण किनाऱ्यापासून दूर गेलेल्या बोटीच्या केबिनमध्ये कोण बघायला जाणार?