हेल्पडेस्क ‘क्लाउडवर नेणं’ : एका गोंधळलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

आयटीच्या तक्रारी नोंदवून मार्गी लावण्याचं सॉफ्टवेअर म्हणजे हेल्पडेस्क. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कंपन्यांत ‘हेल्पडेस्क क्लाउडवर गेलं’ हे वाक्य आता रोजचं झालं आहे. पण चार ठिकाणी ते ऐकलं तर चार वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. एकीकडे ऑफिसातला सर्व्हर उचलून महापेच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेला असतो. दुसरीकडे तेच सॉफ्टवेअर भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर (दुसऱ्याच्या मोठ्या सर्व्हरच्या एका वेगळ्या हिश्श्यावर) चढवलेलं असतं. तिसरीकडे ते मशीन व्हेंडरची माणसं सांभाळतात. चौथीकडे जुनं सॉफ्टवेअर बंद करून दर एजंटमागे (तक्रारी हाताळणाऱ्या माणसामागे) मासिक भाड्याची सेवा घेतलेली असते. बिलावर चारही जागी ‘होस्टिंग’च लिहिलेलं असतं, आणि स्थलांतरातली बरीच भांडणं या एका शब्दातून निघतात.

आधीचा इतिहास थोडक्यात. तक्रार नोंदवून तिला क्रमांक देण्याची शिस्त १९८०च्या दशकात एका ब्रिटिश सरकारी संस्थेने आयटिल या आयटी सेवांच्या नियमावलीच्या रूपात बांधली. आयटिलच्या २००७च्या आवृत्तीत ‘बिघाड’ आणि ‘मागणी’ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या: प्रिंटर बंद पडला तर बिघाड, नवा प्रिंटर हवा तर मागणी. जुन्या डेटात ही विभागणी बहुधा नसते आणि नव्या सेवेत प्रत्येक तिकिटाचा (क्रमांक दिलेल्या नोंदीचा) प्रकार ठरवावाच लागतो.

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या मध्यम कंपनीत २०००नंतर दिसायचं ते साधं चित्र: कपाटाशेजारी एक लिनक्स मशीन, त्यावर ओटीआरएससारखं मोफत हेल्पडेस्क सॉफ्टवेअर, खाली मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि फक्त ऑफिसातून उघडणारा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता. या काळाचा एक वारसा आजही त्रास देतो. मायएसक्यूएलचा मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) २०१८च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होता, ज्यात देवनागरी नाही. अ‍ॅप्लिकेशन यूटीएफ-८चे (सर्व लिपींना चालणाऱ्या पद्धतीचे) बाइट पाठवायचं, डेटाबेस त्यांना लॅटिन-१ समजून ठेवायचा. दोन्ही बाजूंची समजूत सारखीच चुकलेली असल्यामुळे पडद्यावर मराठी नीट दिसायचं. नेहमीच्या पद्धतीने डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढला की डेटाबेस ते बाइट पुन्हा एकदा यूटीएफ-८मध्ये बदलतो आणि एका देवनागरी अक्षराच्या जागी तीन विचित्र चिन्हं येतात. उपाय असा: डंप काढताना कॅरेक्टर सेट लॅटिन-१च द्यायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. मग फाइलच्या सुरुवातीची सेट नेम्सची (कॅरेक्टर सेट सांगणारी) ओळ आणि टेबलांच्या व्याख्या यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करून ती नव्या डेटाबेसात चढवायची. हे पहिल्या चाचणीतच पाहावं. इंग्रजी तिकिटं उघडून ‘सगळं आलं’ म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही.

आता तो शब्द. या पट्ट्यात ‘होस्टिंग’ क्लाउडच्या आधीपासून आहे. महापे, रबाळे, ऐरोलीतल्या डेटा सेंटरमध्ये मशीन तुमचं आणि जागा, वीज, थंडावा, लाइन त्यांची, असा तो व्यवहार होता. डिस्क गेली तर नवी डिस्क घेऊन माणूस तुम्हीच पाठवायचा. सप्टेंबर २०११मध्ये अमेरिकेतल्या एका मानक संस्थेने क्लाउडची व्याख्या केली आणि तीन थर वेगळे केले: पायाभूत यंत्रणा (भाड्याची मशीनं), प्लॅटफॉर्म (स्वतःचं सॉफ्टवेअर चालवायला तयार व्यवस्था), सॉफ्टवेअर (थेट वापरायची सेवा). जून २०१६मध्ये एका मोठ्या क्लाउडचा मुंबई रीजन सुरू झाला आणि पहिला थर आपल्या दारात आला. माहितीपत्रकांनी मात्र हे तीन थर कधी नीट वेगळे ठेवले नाहीत. याचा दोष ग्राहकाच्या माथी मारला जातो, ते आम्हाला पटत नाही. प्रस्तावात ‘क्लाउड होस्टिंग, बॅकअपसह’ एवढंच लिहून सही घेतली जाते, तेव्हा अर्थ स्पष्ट करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.

कारण थर बदलला की जबाबदारी बदलते. व्हर्च्युअल मशीनवर चढवलेल्या हेल्पडेस्कचं ऑपरेटिंग सिस्टिमचं पॅचिंग (दुरुस्त्या चढवणं), डेटाबेसचा बॅकअप, डिस्क भरल्याची सूचना, सगळं तुमच्याकडेच राहतं. ‘क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच’ या समजुतीवर कित्येक महिने स्नॅपशॉटशिवाय (डिस्कच्या एकाही प्रतीशिवाय) काढलेली मशीन सापडतात. भाड्याच्या सेवेत बॅकअप असतो, पण तो मुख्यतः त्यांची यंत्रणा कोसळली तर सावरण्यासाठी. तुमच्या अ‍ॅडमिनने चुकून तिकिटांची एक रांग पुसली तर तीच परत मिळेल असं त्यातून आपोआप ठरत नाही. एप्रिल २०२२मध्ये एका नावाजलेल्या सेवेत चुकीच्या स्क्रिप्टने सातशेहून अधिक ग्राहकांच्या साइट्स पुसल्या. बॅकअप होते, तरी काहींना परत सुरू व्हायला दोन आठवडे लागले. म्हणून करारात तीन ओळी वेगळ्या हव्यात: बॅकअप कोण घेणार, किती दिवस ठेवणार, आणि एकट्या ग्राहकाचा डेटा किती तासांत परत आणणार.

या भागातल्या कंपन्यांना खरा धक्का २०२०ने दिला. मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि ऑफिसातल्या पत्त्यावरचं हेल्पडेस्क घरून उघडेना. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरण्याची वाट) चालत नाही ही तक्रार नोंदवायलाही व्हीपीएनच लागायचं. १२ ऑक्टोबरला सकाळी ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. त्याच महिन्यात जिरा हे तिकिटांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या आवृत्तीची विक्री फेब्रुवारी २०२१मध्ये थांबवण्याची घोषणा केली. त्या आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ला संपला, आणि मोठ्या ग्राहकांसाठीच्या ‘डेटा सेंटर’ नावाच्या आवृत्तीलाही आता २८ मार्च २०२९ची मुदत आहे. त्यामुळे नंतरची बरीच स्थलांतरं निवडीने झाली नाहीत, मुदतीने झाली.

त्या घाईत जुन्या तिकिटांचा निर्णय सर्वांत वाईट घेतला गेला. ‘सगळा इतिहास न्या’ म्हणणं सोपं असतं. १,२०,००० तिकिटं आणि प्रत्येकी सरासरी ४ प्रतिसाद धरले तर एपीआयवर (नव्या सेवेत डेटा घालण्याच्या दारावर) ६ लाख विनंत्या होतात, दर तिकिटाला एक आणि त्याच्या प्रतिसादांना चार. मिनिटाला १०० ची मर्यादा असेल तर सलग १०० तास, म्हणजे शनिवार-रविवारात न बसणारं काम. ६० जीबी अटॅचमेंट २० एमबीपीएसच्या अपलोडवर पूर्ण वेगाने चढवली तरी ६ तास ४० मिनिटं लागतात. शिवाय कित्येक सेवा आयात केलेल्या तिकिटावर आजचीच तारीख टाकतात. मूळ तारीख वेगळ्या रकान्यात ठेवली नाही तर वर्षांमागचं तिकीट आज उघडलेलं दिसतं आणि महिन्याचा अहवाल खोटा पडतो. आमच्या मते उघडी तिकिटं आणि मागच्या १२ महिन्यांची बंद तिकिटं न्यावीत. बाकीची जुन्या क्रमांकासह शोधता येतील अशी फक्त वाचण्यापुरती ठेवावीत. ऑडिटवाले याला विरोध करतात. पण त्यांना नोंद सापडायला हवी असते, ती नव्या सॉफ्टवेअरमध्येच असायला हवी असं नाही.

बदलाच्या रात्री गडबड होते ती बहुतेक मेलमध्ये. जुनं आणि नवं दोन्ही एकच मेलबॉक्स तपासत राहिले की निम्मी तिकिटं इकडे, निम्मी तिकडे जातात, म्हणून जुन्याचं मेल ओढणं आधी बंद करायचं. आयात सुरू असताना नव्याचे बाहेर जाणारे मेल बंद ठेवायचे, नाहीतर हजारो लोकांना वर्षांपूर्वीच्या तक्रारींच्या सूचना पोचतात. डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (त्या नावाने मेल कोण पाठवू शकतं या यादीत) नवी सेवा घालताना डीएनएस लुकअपची (नावावरून नोंदी शोधण्याची) १०ची मर्यादा ओलांडली जात नाही ना ते पाहायचं. हेल्पडेस्कच्या पत्त्याचा टीटीएल (इतर यंत्रणा जुना पत्ता लक्षात ठेवतात ती मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणायचा. टाइमझोन कोलकाता (भारतीय वेळ) निवडायचा. तो यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) राहिला तर प्रतिसाद मोजणारं सकाळी साडेनऊचं घड्याळ दुपारी तीनला सुरू होतं आणि सकाळच्या तक्रारींचा प्रतिसादवेळ मोजलाच जात नाही. कॅलेंडरमध्ये गणेश चतुर्थी आणि १ मे आपोआप येतील असं समजू नये, सुट्ट्या दरवर्षी हाताने भराव्या लागतात.

जुनं मशीन सोमवारी फॉरमॅट करण्याची घाईही टाळावी. एप्रिल २०२२च्या केंद्रीय सायबर सुरक्षा निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. जुन्या सर्व्हरचे लॉगही त्यात येतात. ते बाहेर काढून, उघडून वाचता येतात का हे तपासून झाल्यावरच डिस्क मोकळी करावी.