५२ वजा २७ बरोबर ३५

भाची चौथीत आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिची गणिताची वही सहज चाळली तर एका पानावर चार वजाबाक्या, त्यातल्या तीन चूक आणि खाली लाल पेनने शेरा, लक्ष देऊन सोडव. आता तिची उत्तरं बघा. ५२ वजा २७ बरोबर ३५. ४१ वजा १८ बरोबर ३७. ६३ वजा २९ बरोबर ४६. चौथं ७८ वजा ३५ बरोबर ४३, हे बरोबर आलंय. पोरगी धांदरट नाहीये हो, उलट नको तितकी शिस्तीची आहे! मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा, मग तो वर असो का खाली, हा तिचा नियम आणि तो तिनं चारही ठिकाणी इमानेइतबारे पाळलाय.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये अशाच चुकांवर पेपर लिहिला होता. त्यांचा 'बगी' नावाचा एक प्रोग्रॅम होता, त्यात कॉम्प्युटर चुकणारं मूल व्हायचा आणि शिक्षक होऊ घातलेल्यांनी त्याची उत्तरं बघून पोराच्या डोक्यात नेमका कुठला चुकीचा नियम बसलाय ते ओळखायचं. मला ही आयडिया आजही भारी वाटते, कारण चाळीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाची चूक अशी उकलत बसायला बाईंना वेळ कुठून मिळणार, आणि हे ओळखायचं काम मशीनलाच दिलं तर त्याला दुसरं काम नसतं.

दशांशाचं घ्या. ०.४ मोठा का ०.७५, असं विचारलं तर ७५ हा ४ पेक्षा मोठा एवढंच बघणारं पोरही ०.७५ म्हणतं आणि मार्क घेऊन जातं. चांगलं सॉफ्टवेअर तिथं शाबासकी देऊन थांबत नाही, लगेच विचारतं की ०.४ मोठा का ०.३५? पोर ०.३५ म्हणालं की चोरी पकडली, मग त्याला पुढच्या धड्याला न पाठवता स्थानिक किमतीकडे मागं न्यायचं. शेजारच्या कॉम्प्युटरवरचं पोर तेव्हा त्याच्या स्वतःच्या चुकीप्रमाणे वेगळंच काहीतरी सोडवत असतं.

हे प्रत्यक्षात चालतं का, तर दिल्लीत बघितलंय. माइंडस्पार्क नावाचं असंच सॉफ्टवेअर, सरकारी शाळेतली बहुतेक सहावी ते नववीची मुलं, शाळा सुटल्यावर दीड तास, अर्धा वेळ कॉम्प्युटरवर आणि अर्धा वेळ बारा-पंधरा जणांच्या गटात माणसाकडून. प्रवेश सोडत काढून दिला, म्हणजे नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना सरळ करता आली. मुरलीधरन, सिंग आणि गानिमियन या संशोधकांचा हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. त्यातलं मला हादरवणारं वाक्य वेगळंच होतं, सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं आणि नववीत पोचेपर्यंत साडेचार! म्हणजे नववीचं पुस्तक उघडून शिकवणारा सर वर्गातल्या कितीतरी पोरांसाठी परकी भाषा बोलतोय. साडेचार महिन्यांनी सॉफ्टवेअरवाली मुलं गणित आणि हिंदी दोन्हीत चांगलीच पुढं होती, आणि खरा फरक कच्च्या मुलांत, कारण तसलीच मुलं नुसत्या शाळेत जवळपास जागेवरच होती. गंमत म्हणजे शाळेच्या गणिताच्या पेपरात मात्र हे फारसं दिसलं नाही, कसं दिसणार, सातवीतला पोरगा आत्ता कुठं तिसरी-चौथीचं नीट शिकला होता आणि पेपर सातवीचा.

नुसतं मशीन वाटलं की झालं असंही नाही. पेरू देशात खेड्यांतल्या शाळांत मुलांना लॅपटॉप दिले, साधारण सव्वा वर्षानं तपासलं, भाषा-गणितात काही फरक नाही.

आणि एक भांडण काढतोच. मूल व्हिज्युअल म्हणजे बघून शिकणारं आहे का ऑडिटरी म्हणजे ऐकून शिकणारं हे शोधा आणि तसं शिकवा, असं हल्ली फार चाललंय. आमच्या नात्यात एकांनी बोटांचे ठसे देऊन हजारो रुपयांचा रिपोर्ट आणलाय, त्यात मुलगा 'ऐकून शिकणारा' निघाला. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे अभ्यास तपासले तर अशा प्रकारानुसार शिकवल्याने फायदा होतो याला धड पुरावाच सापडला नाही. दिसत नसलेल्या मुलाला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लागतो, ऐकू न येणाऱ्याला सबटायटल लागतात, ती गरज खरी आहे. भाषेचंही तेच, सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड लावले त्याचं कौतुक जगभर झालं, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, पण त्याआधी तिथल्या कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ते स्वतः कन्नड शिकले हे कमी लोकांना माहितीय.

भाचीचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून तिला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी दिली आणि म्हटलं, आता मला सत्तावीस रुपये दे. तिनं दोन नोटा पटकन ठेवल्या, नाणी हातात घेऊन जरा थांबली, मग तिसरी नोट माझ्यापुढं धरून म्हणाली, मामा, सुट्टे दे ना.