सेट (इंग्रजी क्रियापद)

सेट : ठेवणे, बसवणे, मांडणे, घट्ट होणे, मावळणे अशा वरवर एकमेकांशी संबंध नसलेल्या अर्थांनी वापरले जाणारे इंग्रजी क्रियापद. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित या तिन्ही ठिकाणी त्याचे रूप बदलत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) त्याचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले असून ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. याच कोशाच्या पुढील सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ झाल्याने सर्वाधिक अर्थांचा पहिला क्रमांक ‘सेट’कडून त्याच्याकडे गेला. अर्थात अशी मोजदाद कोशकाराच्या पद्धतीवर अवलंबून असते. ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’, ‘सेट इन’ हे प्रयोग मूळ धातूखाली घातले की आकडा फुगतो, स्वतंत्र नोंदी धरल्या की आक्रसतो. म्हणून या क्रमवारीला कुतूहलापलीकडे फारसे महत्त्व देता येत नाही.

व्युत्पत्ती : प्राचीन इंग्रजीतील ‘सेट्टन’ हे ‘सिट्टन’ (बसणे) या क्रियापदाचे प्रयोजक रूप, म्हणजे मूळ अर्थ ‘बसवणे’. जर्मन ‘झेट्सन’ व गॉथिक (जर्मन कुळातील एक लुप्त भाषा) ‘सात्यन’ ही त्याची भावंडे होत. इंडो-युरोपीय ‘सेद्’ या मूळ धातूशी संस्कृत ‘सद्’ (सीदति, प्रयोजक सादयति) जोडला जातो. परिषद, संसद, सभासद हे शब्द याच धातूचे. मराठी ‘बसणे’ मात्र या कुळातले नाही. जुन्या मराठीतील ‘बैसणे’वरून ते आले असून त्याचा उगम संस्कृत ‘उपविश्’मध्ये मानतात. तरीही बसणे–बसवणे ही जोडी ‘सिट–सेट’सारखीच चालते आणि हाड बसवणे, घट बसवणे, नाटक बसवणे असे तिचे प्रयोगही तितकेच पसरलेले आहेत.

सूर्य ‘सेट’ होतो, हा अकर्मक प्रयोग वादाचा आहे. एका मताप्रमाणे तो स्कँडिनेव्हियन भाषांच्या प्रभावाने आला असावा. कारण प्राचीन नॉर्समध्ये याच धातूचे आत्मवाचक रूप सूर्यास्तासाठी वापरले जाई. दुसऱ्या मताप्रमाणे त्यासाठी बाहेर जाण्याची गरज नाही. प्राचीन इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ म्हणजे आसनाकडे जाणे असा शब्द होताच. दोन्ही प्रवाह मिसळले असण्याचा संभव आहे. पण कल्पना देशी आणि रूपाला नॉर्सचा आधार, ही मांडणी अधिक पटते. मध्ययुगीन काळापासून ‘सिट’ आणि ‘सेट’ यांची सरमिसळ होत आली आहे.

‘सेट’ या नामाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. समूह, जोड, संच या अर्थांचे नाम लॅटिन ‘सेक्टा’ (अनुयायांचा गट) या शब्दावरून जुन्या फ्रेंचमार्फत आले असे सामान्यतः मानतात. त्याचा ‘बसवणे’शी मुळात संबंध नाही. पुढे क्रियापदापासून झालेले नाम त्यात मिसळले आणि दोन्ही वेगळी काढणे अवघड झाले. गणितातील संच हा अर्थ आणखी उशिराचा. गेओर्ग कँटर (१८४५–१९१८) यांनी जर्मनमध्ये ‘मेंगे’ हा शब्द वापरला होता. १९१५ मधील त्यांच्या इंग्रजी भाषांतरातही ‘सेट’ नव्हे, ‘ॲग्रिगेट’ हाच प्रतिशब्द होता.

बांधकाम : पाण्यात कालवलेल्या सिमेंटची मऊ लगद्याची अवस्था जाऊन आकार धरला जातो, त्याला सेट होणे म्हणतात. कठीण होणे ही त्यानंतरची व वेगळी क्रिया असून तिने आलेली ताकद सहसा २८ दिवसांनी मोजतात. व्यवहारात या दोन्हींचा घोटाळा सर्रास होतो. फ्रेंच अभियंते लुई व्हिका (१७८६–१८६१) यांच्या नावाच्या उपकरणाने सेट होण्याचा काळ ठरवतात. ४० मिमी. खोल साच्यात सिमेंटचा लगदा भरून त्यावर १ चौ. मिमी. छेदाची सुई टेकवतात. सुई व तिचा दांडा मिळून ३०० ग्रॅम वजन असते. आरंभी सुई तळापर्यंत जाते. ती तळापासून सुमारे ५ मिमी. वर अडकू लागली की प्रारंभिक काळ पूर्ण झाला. अंतिम काळासाठी सुईभोवती वर्तुळाकार कडा असलेला जोड लावतात. सुईचा ठसा उमटतो पण कडेचा उमटत नाही, ती वेळ अंतिम. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकाप्रमाणे प्रारंभिक काळ ३० मिनिटांपेक्षा कमी आणि अंतिम काळ ६०० मिनिटांपेक्षा जास्त नसावा. दळताना जिप्सम घातले नाही, तर सिमेंटमधला ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट हा घटक पाण्याशी झपाट्याने संयोग पावतो आणि घमेल्यातला माल पसरण्याआधीच आवळतो. याउलट गिरणीच्या उष्णतेने जिप्सममधले पाणी उडाले असल्यास ‘खोटे सेट होणे’ घडते. तेव्हा माल आणखी पाणी न घालता पुन्हा घोळला की मोकळा होतो. पाणी ओतणे ही नेहमीची चूक.

वैद्यक : मोडलेले हाड जागेवर आणणे हाही सेटच. अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५० च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या प्रचारात आणल्यावर एकाच उपचारात दोन अर्थ एकत्र आले. आधी हाड बसवायचे आणि मग त्यावरचे प्लास्टर गरम होत घट्ट होऊ द्यायचे.

मुद्रण : शिशाच्या मिश्रधातूचे खिळे (अक्षरांचे ठसे) ओळीत लावणे. मराठी छापखान्यांत याला खिळे जुळवणे आणि ते करणाऱ्याला जुळारी म्हणत. देवनागरीत हे काम विशेष किचकट. मुंबईकडच्या डिग्री पद्धतीत मात्रा व वेलांट्यांचे वेगळे तुकडे अक्षराच्या वर-खाली लावावे लागत. आता टाइपसेटिंग संगणकावर होते, नाव तेच राहिले.

कारागिरी : सुतार करवतीचे दात आलटून-पालटून डावी-उजवीकडे किंचित वाकवतो, तेही सेट करणे. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही. दागिन्यात खडा कोंदणात बसवणे हाही याच क्रियापदाचा विषय. सहा नख्यांनी हिरा उचलून धरणारी टिफनी या अमेरिकी जवाहिरी कंपनीची घडण १८८६ ची.

पाककृती : जेलीसारखे पदार्थ थिजणे. चायना ग्रास सुमारे ३५ अंश से.ला थिजते आणि वितळायला मात्र ८५ अंशांच्या आसपास तापावे लागते, म्हणून उन्हाळ्यात ते टिकते. जिलेटिन खोलीच्या उष्णतेतही ढिले पडते.

संगणनात बिट १ करणे म्हणजे सेट आणि ० करणे म्हणजे रिसेट. व्हॉलीबॉलमध्ये सहकाऱ्याला फटका मारता यावा म्हणून चेंडू जाळ्याजवळ उंच उचलून देणे. टेनिसमधला सेट नाम आहे.

मराठीत हे क्रियापद ‘सेट होणे’, ‘सेट करणे’ असे वापरतात. मुलगा पुण्यात सेट झाला म्हणजे स्थिरावला. ‘सेटिंग’ला आतून केलेली तडजोड अशी छटा आहे. डाळिंब व द्राक्ष बागायतदार मात्र ‘सेटिंग चांगली झाली’ असे म्हणतात ते फुलांचे फळ धरण्याबद्दल. इंग्रजी शेतीशास्त्रातला ‘फ्रूट सेट’ हा प्रयोग कृषी सल्लागारांच्या आणि औषध दुकानदारांच्या तोंडून तिथे पोचला असावा.