ब्रिटिश इलेक्ट्रोप्लेट आणि त्यावरचे निर्मात्यांचे ठसे

स्वस्त धातूचे भांडे आधी पूर्ण घडवायचे आणि मग विजेच्या साहाय्याने त्यावर शुद्ध चांदीचा मुलामा चढवायचा, अशा मालाला इलेक्ट्रोप्लेट म्हणतात. हा धंदा १८४० नंतर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन शहरांत उभा राहिला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे चहाच्या किटल्या, दुधाची भांडी, काटे-चमचे, तबके, मेणबत्त्यांची घरे असा माल तिथून जगभर जात राहिला. जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या बुडाशी किंवा दांड्याच्या मागे काही अक्षरे आणि चिन्हे ठोकलेली असतात. अस्सल चांदीवरचा हॉलमार्क कायद्याने नेमलेले कस-कार्यालय धातू तपासून मारते. इलेक्ट्रोप्लेटवरचा ठसा कारखानदार स्वतः मारतो आणि तो मारण्यापूर्वी दुसऱ्या कोणीही मालाचा कस पाहिलेला नसतो. हा ठसा म्हणजे त्या कारखानदाराने आपल्या मालाबद्दल दिलेला शब्द, आणि म्हणून तो वाचताना कोणी दिला आहे हे आधी पाहावे लागते.

आधीचे शेफील्ड प्लेट

विजेच्या मुलाम्यापूर्वी शंभरेक वर्षे वेगळीच पद्धत होती. शेफील्डचा सुऱ्या-चाकू करणारा कारागीर थॉमस बोल्सोव्हर याने १७४२ च्या सुमारास तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा ठेवून तापवला आणि दोन्ही धातू एकजीव केले. मग हा ठोकळा लाटून त्याचा पत्रा काढायचा आणि पत्र्यापासून भांडे घडवायचे. बर्मिंगहॅमच्या सोहो कारखान्यात मॅथ्यू बोल्टनने या मालाला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. दोन सूर्य हे त्याचे चिन्ह होते.

खऱ्या चांदीवाल्यांना ही स्पर्धा खुपत होती. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड यांना १७७३ मध्ये स्वतःची कस-कार्यालये मिळाली, तेव्हाच मुलाम्याच्या मालावर अक्षरांचे ठसे मारायला बंदी आली. १७८४ मध्ये ती सैल झाली. शेफील्डपासून शंभर मैलांच्या आतल्या कारखानदाराने आपले नाव आणि चिन्ह तिथल्या कार्यालयात नोंदवले, तर ते वापरायची मुभा मिळाली. घंटा, बाण, किल्ल्या असली चित्रचिन्हे मालावर येण्याची प्रथा तेव्हापासून रुजली आणि पुढे इलेक्ट्रोप्लेटवाल्यांनी ती तशीच उचलली.

एल्किंग्टन

या सगळ्या कहाणीच्या मध्यभागी एकच घराणे आहे. जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि त्याचा चुलतभाऊ हेन्री बर्मिंगहॅममध्ये मुलाम्याच्या निरनिराळ्या युक्त्या करून पाहत होते. विजेने चांदी चढते हे माहीत होते, पण थर पातळ बसे, काळपट दिसे आणि सुटून येई. ही अडचण दूर केली ती त्याच शहरातल्या जॉन राइट नावाच्या शल्यचिकित्सकाने. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात चांदी विरघळवून घेतली तर ती घट्ट, एकसारखी आणि हवी तेवढी जाड चढते, हे त्याच्या ध्यानात आले. एल्किंग्टन बंधूंनी त्याची पद्धत विकत घेतली आणि १८४० च्या आपल्या पेटंटमध्ये घातली. आजही चांदीच्या मुलाम्याच्या हौदात बहुधा सायनाइडच असते. भांडे ऋण टोकाला, शुद्ध चांदीचा पत्रा धन टोकाला. पत्र्यातली चांदी झिजते आणि तेवढीच भांड्यावर बसते. हौदातून निघालेले भांडे पांढरेफटक, खडूसारखे दिसते. झळाळी नंतर येते, अकीकाने आणि इतर गुळगुळीत दगडांनी घोटून.

सुरुवातीला वीज बॅटरीतून घेत. मग जॉन स्टीफन वुलरिच याने लोहचुंबकांमध्ये फिरणाऱ्या वेटोळ्यांचे यंत्र तयार केले. १८४४ मधले त्याचे यंत्र बर्मिंगहॅमच्या थिंकटँक विज्ञान संग्रहालयात आहे. फिरत्या चुंबकाजवळच्या तारेत वीज निर्माण होते, हे विद्युतप्रवर्तन शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने दाखवले १८३१ मध्ये. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत ते कारखान्यात पोटापाण्याला लागले आणि तेही चहाच्या किटल्यांवर चांदी चढवण्यासाठी. विजेच्या इतिहासात या गोष्टीला मिळतो त्यापेक्षा मोठा मान मिळायला हवा.

१८४२ मध्ये लेखणीच्या टाकांचा कारखानदार जोसाया मेसन भांडवल घेऊन भागीदार झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे मूळ ज्या कॉलेजात आहे ते स्थापणारा मेसन तो हाच. त्याच्या भागीदारीच्या काळात मालावर ‘ई, एम आणि कंपनी’ अशी आद्याक्षरे येतात. भागीदारी १८६१ च्या सुमारास संपली आणि नुसते ‘ई आणि कंपनी’ उरले, बहुधा ढालीच्या चौकटीत आणि वर मुकुट. म्हणजे एका अक्षराच्या असण्या-नसण्यावरून वस्तू कोणत्या काळातली ते कळते. याखेरीज एल्किंग्टनने वर्षाची खूणही ठेवली. १८४० च्या दशकात आकडे आणि नंतर इंग्रजी मुळाक्षरे. मुळाक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. त्यामुळे नुसते अक्षर वाचून भागत नाही, अक्षराची लिपी आणि भोवतालची चौकट पाहावी लागते. कायद्याची सक्ती नसताना कारखान्याने आपल्या मालावर वर्ष नोंदवत राहणे हे त्या काळात विरळाच होते, आणि एल्किंग्टनच्या ठशावर अभ्यासकांचा भरवसा बसला तो यामुळे.

एल्किंग्टनच्या मालाची व्याप्ती मोठी होती. व्हाइट स्टार लाइन या जहाज कंपनीला भांडी त्यांची जात आणि टायटॅनिकवरही ती होती. विम्बल्डनच्या महिला एकेरीतल्या विजेतीला मिळणारे तबक याच कारखान्याचे, १८६४ मधले. मात्र ते मुलाम्याचे नसून अस्सल चांदीचे आहे आणि काही ठिकाणी त्यावर सोन्याचे पाणी आहे. एल्किंग्टन दोन्ही प्रकारचा माल करत. नाव एकच, धातू वेगळा, म्हणून नुसते नाव पाहून चांदी ठरवू नये.

शेफील्डचे कारखाने

पेटंट एल्किंग्टनचे असल्याने इतरांना परवाना घेऊन, पैसे भरून काम करावे लागे. शेफील्डकरांनी तो घेतला आणि थोड्याच वर्षांत जुने शेफील्ड प्लेट मागे पडले. कारण उघड होते. पत्र्याच्या कापलेल्या कडेला तांबे दिसते, ते झाकायला चांदीची तार बसवावी लागते. विजेच्या पद्धतीत भांडे आधी पुरते घडवून, सांधे जोडून, नक्षी करून मग हौदात सोडता येते.

जेम्स डिक्सन अँड सन्स ही १८०६ पासूनची पेढी. डॉन नदीकाठची त्यांची कॉर्निश प्लेस ही इमारत अजून उभी आहे, आता तिथे लोक राहतात. तुतारी आणि तिला लटकलेले निशाण हे त्यांचे चिन्ह. ख्रिस्तोफर ड्रेसर या आराखडाकाराने १८७९ मध्ये त्यांच्यासाठी काढलेली, मधोमध आरपार चौकोनी पोकळी असलेली किटली आजही नवी वाटते. ड्रेसरने बर्मिंगहॅमच्या ह्यूकिन अँड हीथसाठीही काम केले आणि त्या मालावर आराखडा त्याचा असल्याचा स्पष्ट ठसा सापडतो. ज्या काळात कारागिराचे नाव कारखान्याच्या नावाखाली गडप होत असे, त्या काळात ही गोष्ट नजरेत भरते.

वॉकर अँड हॉल १८४५ मध्ये सुरू झाले. लहानशा झेंड्यात त्यांची आद्याक्षरे असतात आणि भारतातल्या जुन्या मालात हा झेंडा ओळखायला सर्वांत सोपा. विल्यम हटन यांचे एकमेकांवर ठेवलेले बाण, हेन्री विल्किन्सन यांच्या दोन किल्ल्या, मॅपिन ब्रदर्सचा सूर्य. मॅपिन अँड वेब या दुसऱ्या पेढीने आपल्या जाड मुलाम्याच्या मालाला ‘प्रिन्सेस प्लेट’ असे नाव दिले होते. त्यासोबत येणारा ७१५५२ हा आकडा नावाच्या नोंदणीचा आहे, वस्तूच्या वयाशी त्याचा संबंध नाही. व्हायनर्स ही त्या मानाने अलीकडची, १९०१ मधली पेढी.

झळाळी आणण्याचे काम शेफील्डमध्ये बहुतांशी बायका करत. डोक्याला लाल फडके, अंगाभोवती कागद गुंडाळलेला, आणि फिरत्या चाकावर चमचा धरलेला. ‘बफर गर्ल्स’ म्हणून त्या शहराला ठाऊक होत्या. एकाही ठशात त्यांचे नाव नाही.

अक्षरे काय सांगतात

सर्वांत जास्त आढळणारा ठसा ‘ईपीएनएस’. इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर या शब्दांची ही आद्याक्षरे. निकेल सिल्व्हर म्हणजेच जर्मन सिल्व्हर: साधारण साठ टक्के तांबे, उरलेले निकेल आणि जस्त. त्यात चांदी औषधालाही नसते. त्याचा रंग मुळातच पांढरट, त्यामुळे वरची चांदी झिजली तरी चटकन दिसून येत नाही. ‘ईपीबीएम’ म्हणजे आत ब्रिटानिया मेटल, अर्थात नव्वद टक्क्यांहून जास्त कथिल, थोडे अँटिमनी आणि किंचित तांबे. ही धातू मऊ असते, लवकर चेपते आणि कमी तापमानाला वितळते. अशा किटलीला जोड द्यायचा असेल तर कारागिराला आधी ठसा दाखवावा, नाहीतर दिव्याच्या ज्योतीने बूडच वाहून जाते.

‘ए१’ हा दर्जा जहाजांच्या लॉइड्स वर्गीकरणावरून उचललेला. चांदी किती असली म्हणजे ए१, याचे सर्वांना बांधणारे माप नव्हते. एका कारखान्याचा ए१ आणि दुसऱ्याचा ए१ यांची तुलना करता येत नाही. ‘नेवाडा सिल्व्हर’सारखी भारदस्त नावेही निघाली, बर्मिंगहॅमच्या डॅनियल अँड आर्टर यांचा माल या नावाने खपे. नाव चांदीच्या खाणींच्या अमेरिकी राज्याचे, धातू मिश्र.

खरी फसगत होते ती ठशांच्या मांडणीने. अस्सल इंग्रजी चांदीवर चार-पाच लहान चौकटी ओळीने असतात. त्यांत पाऊल उचललेला सिंह, शहराचे चिन्ह (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचे बिबट्याचे तोंड), वर्षाचे अक्षर आणि निर्मात्याची आद्याक्षरे येतात. मुलाम्यावाल्यांनी याच धर्तीवर ई, पी, एन, एस ही अक्षरे वेगवेगळ्या ढालींत, वळणदार गॉथिक लिपीत ठोकली. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला तो हॉलमार्कच वाटतो. भिंग लावले की मात्र गोष्ट उलगडते: सिंह नाही, शहराचे चिन्ह नाही. मुकुटाने तर आणखी गोंधळ केला, कारण मुकुट हे शेफील्ड कस-कार्यालयाचे खरे चिन्ह होते. १८९६ मध्ये मुलाम्याच्या मालावर मुकुट वापरायला मनाई झाली. त्यामुळे एल्किंग्टनच्या ढालीवर मुकुट दिसला तर वस्तू बहुधा त्याआधीची.

‘शेफील्ड प्लेट’ हे शब्दच ठोकलेले असतील तर वस्तू बोल्सोव्हरच्या पद्धतीची नाही, नंतरचा तांब्यावरचा विजेचा मुलामा आहे. जुन्या कारागिरांनी ते शब्द कधी लिहिले नाहीत. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यालाही फरक कळतो. जुन्या मालावरची चांदी स्टर्लिंगची, म्हणजे किंचित तांबे असलेली, म्हणून तिच्यात ऊब असते. विजेने बसलेली चांदी शुद्ध, म्हणून जास्त पांढरी आणि थंड रंगाची.

काळ ठरवणे

कारखान्याच्या ठशाशिवाय इतर खुणा जास्त उपयोगी पडतात. १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या आराखड्यांवर पतंगाच्या आकाराची चौकट असते. तिच्या माथ्यावरच्या वर्तुळात धातूसाठी रोमन एक. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. ही तारीख आराखडा नोंदवल्याची. वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते. १८८४ पासून चौकट जाऊन सरळ नोंदणी क्रमांक आला. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव मागितले. बुडाशी असलेला चार आकडी क्रमांक मात्र वर्ष समजू नये. तो बहुतेक वेळा नमुन्याचा क्रमांक असतो.

दुकानदाराचे नाव हा आणखी एक चकवा. मुंबईत काळा घोड्याला ज्यांची इमारत आजही उभी आहे, त्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारखी दुकाने आपले नाव मालावर घालून विकत. घडवणारा वेगळाच असे. हॉटेले, जहाज कंपन्या आणि पलटणींच्या मेस यांचीही नावे अशीच येतात.

१९६३ मध्ये एल्किंग्टन, मॅपिन अँड वेब आणि वॉकर अँड हॉल ‘ब्रिटिश सिल्व्हरवेअर’ या एका छत्राखाली आले. स्टेनलेस स्टीलने बाजार घेतला होता. व्हायनर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, नाव मात्र विकले जाऊन चालू राहिले.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर आणि जुन्या पारशी घरांत हा माल अजून सापडतो. काळा पडला असेल तर तो काळेपणा चांदीचाच, हवेतल्या गंधकाने आलेला, आणि तो हलक्या हाताने निघतो. चमच्याच्या पाठीवर, टेबलाला टेकतो त्या जागी, पिवळसर डाग दिसला तर तिथली चांदी संपलेली असते. मग पुन्हा मुलामा देण्यावाचून उपाय नाही. पण त्याआधी भांडे चाकावर घासले जाते, आणि त्या घासण्यात शंभर वर्षांपूर्वीचा ठसा पुसट होतो किंवा साफ जातो. भांडे देण्यापूर्वी बुडाचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवावा आणि ठशाची जागा सोडून घासायला कारागिराला सांगावे.